आठ गुण

पूर्णा जंक्शनच्या पश्चिम केबिनमध्ये
लिंबाजीमामाकडे दोन रजिस्टरं होती.
एक रेल्वेचं. गाडी, वेळ, सही.
दुसरं जर्मनीचं.

रात्री रेडिओवर कोलोनहून हिंदी यायची,
रिकाम्या वाघिणीत बसून कुणी बोलावं तशी,
आणि पॅसेंजर लेट असली की मामा पत्र लिहायचा :
महोदय, सन त्रेसष्टपासूनचे सर्व विक्रम
पाठवण्याची कृपा करावी.
उत्तर यायचं.
कॅलेंडर, स्टिकर, एकदा तर जाड पिवळा लिफाफा,
जो पोस्टमन मुनीरचाचा जिना चढून द्यायचा
आणि तिकीट तेवढं फाडून न्यायचा.

सतराचा पाढा यायच्या आधी मला येत होतं :
एका मोसमात एका माणसाचे चाळीस गोल,
सगळे मिळून तीनशे पासष्ट,
वर्षाला दिवस जितके.
आणि फ्रँकफुर्टचा तो गडी,
एकाच क्लबकडून सहाशे दोन सामने.
"बदली मागितलीच न्हाई त्यानं,"
मामा खटका ओढता ओढता म्हणायचा.
त्यानंही मागितली नव्हती.

मग परभणीच्या मैदानावर
नांदेडच्या पोरांनी मला अकरा गोल घातले.
परतीच्या गाडीत दाराशी बसलो,
गुडघ्यात तोंड घालून.
"कामून रडायलास?" म्हणत मामानं
पिशवीतून रजिस्टर काढलं,
शेवटचं पान उघडलं, लाल शाईचं.

टास्मानिया, बर्लिन. पासष्ट-सहासष्ट.
सामने चौतीस. जिंकले दोन.
मारले पंधरा, खाल्ले एकशे आठ.
सलग एकतीस सामने विजय नाही.
एका सामन्याला, एवढ्या थोरल्या स्टेडियमात,
माणसं आठशे सत्तावीस.
गुण आठ.

समोरच्या बाकावर पार्सल ऑफिसातले बिडकर होते.
चष्मा वर करून त्यांनी वाचलं.
"एकशे आठ म्हणजे जपमाळच झाली की,
अन् आठ गुणांवर तर सोयरीकसुद्धा जमत नाही."
मामा हसला नाही.
शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.
तिथं लिहिलं होतं :
चौतीसही सामन्यांस वेळेवर हजर.

केबिन नंतर पाडली. खटके भंगारात गेले.
कोलोनची हिंदीही एक दिवस यायची थांबली.
रेल्वे सप्ताहात शाल कुणाकुणाला मिळाली,
ते मामानं कुठल्याच रजिस्टरात लिहिलं नाही.

आणि एकवीसच्या जानेवारीत त्याचा फोन.
आवाज चोरीची वर्दी द्यावी तसा.
"शाल्केचे तीस झाले रे. तीस सामने, एक जीत न्हाई.
आज गेले की बरोबरी, पुढच्याला विक्रम मोडला."
मोडू दे ना मामा, वाईटच तर विक्रम आहे.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला,
"शाल्केकडं सात अजिंक्यपदं हायेत.
ह्या बापड्यांकडं येवढंच हाय."

संध्याकाळी आठला आम्ही माझ्या मोबाईलपुढं बसलो,
मामी भाकरी थापत मधूनच विचारत होती,
कोण आपलं?
मामा म्हणाला, "आपलं कुणीच खेळायलं न्हाई."
नेट जायचं, यायचं,
दर वेळी आल्यावर शाल्केचा एक गोल वाढलेला.
चार-शून्य.
मामानं टाळी वाजवली, एकच,
खटक्यांनी घट्टे पडलेल्या हातांची,
चुलीजवळचं मांजर पळालं.
मग लाल पेन मागितला. चालेना,
झटकला, तळहातावर गिरवला,
आणि त्या पानावर लिहिलं : विक्रम अबाधित.

रजिस्टर आता माझ्याकडे आहे.
परवा धूळ झटकताना एक पान दिसलं,
आधी कधी दाखवलं नव्हतं त्यानं.
पूर्णा विरुद्ध नांदेड, स्थळ परभणी,
ऊन कडक, प्रेक्षक चार,
गोलकीपरला हातमोजे नाहीत.

इतकी वर्षं मी सगळ्यांना अकरा सांगत आलोय.
मामाच्या अक्षरात
बारा आहेत.
खाली सही.